शेतातल्या घरासाठी कोणत्या जातीचा कुत्रा पाळावा?

संत्राबाग (वरुड)

नमस्कार मंडळी.

वरुड तालुक्यात आमची संत्र्याची बाग आहे आणि गेल्या दिवाळीपासून आम्ही गावातले घर सोडून बागेतल्या घरात राहायला आलो आहोत. घरात वृद्ध आई-वडील, आम्ही दोघे आणि सहा वर्षांची मुलगी. गोठ्यात दोन गाई, एक बैलजोडी आणि थोड्या शेळ्या. शेजारचे घर हाकेच्या अंतरावर नाही, त्यामुळे कुत्रा पाळायचा हे ठरले आहे. कोणत्या जातीचा पाळायचा यावर मात्र घरात एकमत होत नाही. धाकटा भाऊ पुण्याला असतो, त्याच्या मित्राकडे सैबेरियन हस्कीची पिल्ले झाली आहेत आणि त्यातले एक तो फुकट द्यायला तयार आहे. मेहुण्यांचा आग्रह डॉबरमन किंवा रॉटवायलरचा आहे. मुलीला पांढरे पॉमेरेनियन हवे आहे. वडील एवढेच म्हणतात की गावात कुणाच्या तरी कुत्रीला पिल्ले होतीलच, त्यातले एक उचला.

माझी गरज साधी आहे. रात्रीची वीज असली की ओलिताला जावे लागते, तेव्हा सोबत हवी. रानडुकरे आणि वानरे बागेत शिरली की कळायला हवे. अनोळखी माणूस फाटकाशी आला तर आईला आत बसल्या जागी समजायला हवे. आणि मुलगी त्याच्याशी बिनधास्त खेळू शकली पाहिजे. जातींच्या गुणांच्या याद्या मी पुष्कळ वाचल्या, पण त्या आपल्याकडचा मे महिना आणि तालुक्याला असलेला दवाखाना गृहीत धरून लिहिलेल्या नसतात. म्हणून आपल्या भागात ज्यांनी प्रत्यक्ष कुत्री सांभाळली आहेत त्यांचे अनुभव हवे आहेत.

कपाशीवाला (राळेगाव)

हस्की आणू नका. बाकीची चर्चा सावकाश करू, पण हे उत्तर आजच भावाला कळवा.

पशुवैद्यक_वर्धा

कपाशीवाले भाऊंशी मी पूर्णपणे सहमत आहे. त्यामागचे कारण थोडे सविस्तर सांगतो, कारण तेच कारण इतर अनेक जातींना लागू पडते.

कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांच्या गाद्यांना थोडा येतो, पण शरीरातील उष्णता बाहेर टाकण्याचा त्याचा मुख्य मार्ग म्हणजे तोंड उघडून धापा टाकणे. जीभ, नाक आणि घसा यांवरून हवा खेळते, ओलावा उडतो आणि रक्त थंड होते. हवाच पंचेचाळीस अंशांची असली की हा मार्ग अपुरा पडू लागतो. त्यातही ज्यांचे नाक बसके आहे अशा पग, बुलडॉग, शिह त्झू, बॉक्सर यांच्याकडे हवा खेळायला जागाच कमी असते. निरोगी कुत्र्याचे तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. ते १०६ च्या वर गेले की मेंदू, मूत्रपिंड आणि आतडी यांना इजा होऊ लागते आणि काही तासांत प्राणी हातचा जातो. एप्रिल-मेमध्ये असे रुग्ण माझ्याकडे दरवर्षी येतात आणि त्यांतले बहुतेक बसक्या नाकाचे किंवा दाट केसांचे असतात.

हस्कीच्या अंगावर केसांचे दोन थर असतात, कारण ही जात सैबेरियाच्या बर्फात गाड्या ओढण्यासाठी तयार झाली. काही जण सुचवतात की केस भादरून टाकावेत. तसे केल्याने कातडी उन्हाला उघडी पडते आणि केस परत नीट येतीलच असे नाही. सेंट बर्नार्ड, अलास्कन मॅलम्यूट, चाऊ चाऊ यांचीही गोष्ट तीच. दिवसभर वातानुकूलित खोलीत ठेवणे ज्यांना शक्य आहे ते ठेवतात, पण कृषी पंपाच्या फीडरवर चालणाऱ्या घरात वीज गेल्यावर त्या जिवाचे काय होणार, हा प्रश्न पिल्लू आणण्यापूर्वी विचारला पाहिजे.

कुणाच्या कुत्र्याला ऊन लागलेच, तर आधी सावलीत घेऊन अंगावर, विशेषतः पोट आणि जांघांवर, साधे पाणी भरपूर ओता, वारा घाला आणि मग दवाखान्याकडे निघा. पाणी न ओतता तासभर गाडीत घालून आणलेला कुत्रा बहुधा वाचत नाही.

अनुराधा_पुसद

डॉक्टरसाहेब, आपले म्हणणे पटते, तरीही परदेशी जाती सरसकट बाद करू नयेत असे मला वाटते. आमच्याकडे लॅब्राडोर आहे आणि त्याने पुसदचे अनेक उन्हाळे नीट काढले आहेत. त्यासाठी घराने काही शिस्त पाळली. उन्हाळ्यात त्याचे फिरणे सूर्य उगवण्याआधी आणि दिवस मावळल्यानंतर बराच वेळ गेला की मगच. दुपारभर तो माजघरात शहाबादी फरशीवर पडून असतो, कारण जुन्या मातीच्या भिंतींचे ते घर बाहेरच्या मानाने खूपच थंड राहते. पाण्याची दोन पातेली वेगवेगळ्या ठिकाणी ठेवतो, म्हणजे एक लवंडले तरी दुसरे असते.

संत्राबाग भाऊ, मुलांच्या बाबतीत मी लॅब्राडोरला पूर्ण गुण देईन. माझी मुले त्याच्या अंगावर लोळतात आणि तो डोळेही उघडत नाही. राखणीच्या बाबतीत मात्र त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नका. दारात आलेल्या प्रत्येकाचे तो शेपूट हलवून स्वागत करतो. शिवाय ही जात खाण्यावर तुटून पडते आणि फार लवकर लठ्ठ होते. वजन वाढले की कमरेचे आणि कोपराचे सांधे जातात, आणि तीस किलोचा लंगडा कुत्रा उचलून गाडीत घालणे हे आपल्या आई-वडिलांच्या आवाक्यातले काम नाही.

आणखी एक गोष्ट आवर्जून सांगते. लॅब्राडोरचे पूर्वज कॅनडातील न्यूफाउंडलंड बेटावरच्या कोळ्यांसोबत पाण्यात काम करत आले आहेत, त्यामुळे पाणी दिसले की तो उडी घेतोच. शेततळ्याला प्लॅस्टिकचे अस्तर असेल तर त्या गुळगुळीत उतारावर कुत्र्याच्या नखांना पकड मिळत नाही आणि पोहणारा कुत्राही थकून बुडतो. आम्ही तळ्याच्या चारही बाजूंना गाठी मारलेले जाड दोर आत सोडून ठेवले आहेत आणि एका कडेला जुने टायर बांधले आहेत. जात कोणतीही आणा, शेततळे असेल तर हे आधी करा. मुलीसाठीही ते आवश्यकच आहे.

जागली (ब्रह्मपुरी)

मी धानपट्ट्यातला माणूस आहे आणि हंगामात जागलीला रात्री बांधावर काढतो, म्हणून ओलिताच्या सोबतीबद्दल लिहितो. त्या कामाला गावठी कुत्र्याच्या तोडीचा दुसरा मी पाहिला नाही. ही जात कुणी मुद्दाम घडवलेली नाही. आपल्याच उन्हात, आपल्याच उष्ट्यावर आणि आपल्याच रोगराईत हजारो वर्षे जी टिकली ती ही कुत्री. आखूड केस, सडपातळ अंग, उभे कान, लांब मुस्कट. डॉक्टरसाहेबांनी उष्णतेविषयी जे सांगितले, त्यात बसणारे सगळे गुण त्यांच्या अंगी आहेत.

माझा कुत्रा भुंकतो त्यावरून समोर काय आहे ते मला टॉर्च न लावता कळते. रानडुक्कर असेल तर तो सलग भुंकतो आणि पावलापावलाने पुढे सरकत जातो. रोही (नीलगाई) असतील तर दोन-चारदा भुंकून सरळ मागे धावतो. बिबट असला की भुंकणे तुटक होते, आवाज घशातून येतो, मानेवरचे केस उभे राहतात आणि तो मागे सरकत सरकत येऊन माझ्या पोटरीला पाठ टेकवतो. तसे झाले की मी मचाणावरून उतरत नाही, आणि खाली असलो तर बाकीच्यांना हाक मारून शेकोटी मोठी करतो. हे त्याला कुणी शिकवलेले नाही. त्याची आईही अशीच होती.

मेळघाटवासी

जागली दादा, तुमच्या कुत्र्याचे कौतुक वाटले, पण एका बाबतीत मी वेगळे सांगतो. बिबट्याच्या भागात कुत्रा हा राखणदार आहे तसाच तो बिबट्याचे आवडते भक्ष्यही आहे. रात्री अंगणात साखळीने बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्याला घरापर्यंत बोलावणे. वरुडचा भाग सातपुड्याच्या पायथ्याचा आहे, तेव्हा हा विचार संत्राबाग भाऊंनाही करावाच लागेल. आमच्याकडे लोक दोन उपाय करतात. रात्री कुत्र्याला घरात किंवा बंद दाराच्या गोठ्यात घेतात, आणि गळ्यात खिळे बाहेर काढलेला रुंद पट्टा बांधतात, कारण बिबट्या पहिली पकड मानेवर घेतो. पट्ट्याने प्रत्येक वेळी जीव वाचतो असे मी म्हणणार नाही, पण सुटायला क्षणभर मिळतो.

या दृष्टीने पॉमेरेनियनचा विचार सोडून द्यावा. एवढ्याशा जिवाला शेतातल्या घरी वानरांपासूनही धोका आहे.

कारवानप्रेमी (बुलढाणा)

देशी म्हणजे केवळ गावठी असे समजू नये, यासाठी हा प्रतिसाद. आपल्याकडे देशी जातिवंत कुत्री आहेत. मराठवाड्यात आणि घाटाखालच्या भागात ज्याला कारवान किंवा करवानी म्हणतात आणि कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यातील मुधोळ गावावरून ज्याला मुधोळ हाऊंड म्हणतात, तो त्यांतला सर्वांत परिचित. मुधोळ संस्थानच्या घोरपडे राजांनी ही जात जपली. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने तमिळनाडूतील राजापलयम आणि चिप्पीपराई यांच्यासोबत मुधोळची नोंदणी केली आहे, आणि लष्करानेही ही कुत्री प्रशिक्षणासाठी घेतली. ऊन सोसण्यात, कमी खाण्यात आणि धावण्यात या जातीला तोड नाही. मी दोन पिढ्या पाळल्या आहेत आणि यापुढेही हीच पाळणार.

जागली (ब्रह्मपुरी)

कारवानप्रेमी भाऊ, आपली कारवान शेळ्यांमध्ये कशी राहतात? आमच्या शेजारच्या गावी एकाने आणलेल्या कुत्र्याने कोंबड्या संपवल्या होत्या, म्हणून विचारतो.

कारवानप्रेमी (बुलढाणा)

प्रश्न योग्य आहे आणि उत्तर लपवण्यासारखे नाही. हा नजरेने शिकार हेरणारा कुत्रा आहे. समोर काही पळाले की तो मागे धावतोच, मग ती कोंबडी असो, मांजर असो वा शेळीचे करडू. लहानपणापासून गोठ्यात वाढवला तर घरच्या जनावरांना तो ओळखतो, पण शेजाऱ्याच्या कोंबड्यांची खात्री देता येत नाही. दुसरे असे की सशामागे सोडण्यासाठी म्हणून आजही काही लोक ही कुत्री घेतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार सशाची शिकार हा गुन्हा आहे आणि कुत्र्याकरवी केली तरी तो मालकाचाच गुन्हा ठरतो. मी माझी कुत्री कुंपणाच्या आतच मोकळी सोडतो.

स्वभावाने ही जात घरच्या माणसांपुरती असते. परक्याने अंगाला हात लावलेला तिला खपत नाही, आणि पाहुण्यांची मुले घरात येत-जात असतील तर हे लक्षात घ्यावे. संत्राबाग भाऊंची मुलगी लहान आहे, शेळ्या आहेत आणि बागेला पक्के कुंपण आहे की नाही हे त्यांनी लिहिलेले नाही. कुंपण नसेल तर माझी आवड बाजूला ठेवून मी त्यांना कारवान घेऊ नका असेच सांगेन.

संत्राबाग (वरुड)

सर्वांचे मनापासून आभार. हस्कीबद्दल भावाला कालच स्पष्ट नकार कळवला आहे. बागेला तीन बाजूंनी तारेचे कुंपण आहे, नाल्याची बाजू मोकळी आहे.

आता मेहुण्यांच्या आग्रहाबद्दल विचारतो. रॉटवायलर किंवा डॉबरमन असला की चोर फिरकत नाहीत असे त्यांचे म्हणणे आहे. काही जातींवर सरकारने बंदी घातल्याचेही कानावर आले होते. त्याचे नेमके काय झाले?

वकीलसाहेब_अमरावती

बंदीविषयीचा गोंधळ दूर करतो. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने राज्यांना एक परिपत्रक पाठवून पिटबुल, रॉटवायलर, डोगो अर्जेंटिनो, टोसा इनू यांसारख्या २३ जातींची आयात, पैदास आणि विक्री थांबवण्यास सांगितले होते. त्याला न्यायालयांत आव्हान देण्यात आले आणि एप्रिल २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द ठरवले. डॉबरमनचा प्रश्न त्यात नव्हताच. मात्र बंदी नसली म्हणजे जबाबदारी नाही असे होत नाही. आपल्या ताब्यातील प्राण्यापासून माणसाला इजा होऊ नये याची काळजी न घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार गुन्हा आहे. पूर्वीच्या दंड संहितेत हेच कलम २८९ होते. बागेत तोडणीच्या वेळी बाहेरगावचे मजूर, व्यापारी, गाडीवाले येणार, तेव्हा हा मुद्दा आपल्यासाठी महत्त्वाचा आहे.

विकत पिल्लू घ्यायचे झाल्यास श्वान प्रजनन व विपणन नियम, २०१७ माहीत असावेत. त्यानुसार पैदास करणाऱ्याने राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे आणि दोन महिन्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. चौकात पिंजऱ्यात घालून विकायला आणलेली महिन्याभराची पिल्ले या नियमात बसत नाहीत.

आणखी एक तरतूद फारशी कुणाला ठाऊक नसते. नेहमी साखळीला बांधलेल्या कुत्र्याला पुरेसे फिरवून न आणणे हे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार क्रूरतेत मोडते.

पशुवैद्यक_वर्धा

वकीलसाहेबांनी दोन महिन्यांचा नियम सांगितला, त्यामागे वैद्यकीय कारणही आहे. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिल्लाचा स्वभाव घडण्याचा असतो. आई आणि भावंडांमध्ये राहून ते किती जोरात चावले की समोरचा ओरडतो हे शिकते. चौथ्या आठवड्यात आईपासून तोडलेले पिल्लू हे शिकतच नाही आणि पुढे त्याचे दात मुलांच्या हातांवर उमटतात. म्हणून आठवा आठवडा पूर्ण होऊ द्या, आणि घरी आणल्यावर पुढच्या महिनाभरात त्याला ट्रॅक्टर, गाई, शेळ्या, छत्री घेतलेला माणूस, टोपी घातलेला माणूस, मुलांचा गोंगाट हे सारे शांतपणे दाखवा.

डॉबरमनबद्दल थोडेसे. जर्मनीतील अपोल्डा गावच्या डॉबरमन नावाच्या करवसुली करणाऱ्याने एकोणिसाव्या शतकात आपल्या संरक्षणासाठी ही जात तयार केली. हुशार आणि एकनिष्ठ आहे, केस आखूड असल्याने आपले ऊन लॅब्राडोरपेक्षा जरा बरे सोसते. पण तिला रोज माणसाकडून काम आणि शिक्षण हवे असते आणि या जातीत हृदयाच्या स्नायूंचा आजार बऱ्याच प्रमाणात आढळतो. त्याची तपासणी तालुक्याच्या दवाखान्यात होत नाही. नागपूरचे पशुवैद्यक महाविद्यालय किंवा अकोल्याची पदव्युत्तर संस्था गाठावी लागते. ज्या घरात दिवसभर सगळे बागेच्या कामात असतात त्या घरी मी डॉबरमन सुचवणार नाही. रॉटवायलरबाबत तर माझे मत अधिक ठाम आहे: वृद्ध माणसांना दोरीने आवरता येणार नाही असा कुत्रा त्यांच्या घरी नसावा.

सोयाबीन (वाशीम)

गावठी कुत्र्याची इतकी स्तुती झाली आहे की दुसरी बाजूही लिहिणे मला आवश्यक वाटते. गावठी पिल्लू आणले म्हणजे आपोआप राखण होते हा समज खोटा आहे. आमच्या भागात मोकाट कुत्र्यांच्या टोळीने शेळ्या फाडल्याच्या घटना घडतात आणि त्या टोळीत दिवसा कुणाच्या तरी ओसरीवर बसणारे पाळीव कुत्रेही असतात. रात्री मोकळे सोडायचे, सकाळी भाकरीचा तुकडा टाकायचा आणि लस कधीच द्यायची नाही, याला पाळणे म्हणत नाहीत. गावठी कुत्रा स्वस्त पडतो म्हणून त्याच्या वाट्याला काहीच येत नाही, ही मला सर्वांत खटकणारी गोष्ट आहे. हजारो रुपये मोजून आणलेल्या लॅब्राडोरला लोक बरोबर तारखेला सुई टोचून आणतात.

दुसरे म्हणजे, रात्री भटकणारा कुत्रा शेजारच्या वावरात रानडुकरांसाठी बेकायदा सोडलेल्या विजेच्या तारेला चिकटून मरतो. आमच्या शिवारात हे झाले आहे. नाल्याची बाजू मोकळी असेल तर ती आधी बंद करा.

अनुराधा_पुसद

सोयाबीन दादा, अगदी मनातले लिहिलेत. यात मी आणखी एक प्रश्न जोडते. संत्राबाग भाऊ, जातीवर घरातल्या प्रत्येकाचे मत आपण लिहिले आहे. पत्नीचे मत मात्र आपल्या लेखनात कुठेच आलेले नाही. कुत्र्याचे खाणे शिजवणे, त्याने घाण केली तर काढणे, आजारी पडला तर रात्री उठणे हे बहुतेक घरांत बाईच्या वाट्याला येते. तिला जे झेपेल आणि आवडेल तेच आणावे.

संत्राबाग (वरुड)

ताई, आपला प्रश्न रास्त आहे. आज तिच्याशी बोललो. तिच्या माहेरी गावठी कुत्री होती आणि तिला तीच हवी आहे. लांब केसांच्या जातीला ती ठामपणे नाही म्हणते, कारण गोठ्यात गोचीड आहे आणि ती रोज वेचत बसणे तिला शक्य नाही. शिवाय तिने विचारले आहे की कुत्र्याऐवजी कुत्री आणली तर चालेल का? वडिलांचे म्हणणे पडले की मादी राखण करत नाही आणि दारात सगळ्या गावची कुत्री गोळा होतात.

जागली (ब्रह्मपुरी)

राखण न करण्याची गोष्ट खरी नाही. मी वर ज्या कुत्र्याबद्दल लिहिले, त्याच्या आईनेच त्याच्या आधी जागल केली होती. मादी घर सोडून फारशी भटकत नाही आणि तिचे लक्ष अधिक बारीक असते.

पशुवैद्यक_वर्धा

जागली भाऊंच्या म्हणण्याला माझा दुजोरा आहे. मादी साधारण वर्षातून दोनदा माजावर येते आणि गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा असतो. वडिलांची अडचण तेवढीच आहे आणि ती नसबंदीने कायमची सुटते. वेळेवर केलेल्या शस्त्रक्रियेने गर्भाशयात पू होण्याचा धोका जातो आणि स्तनांच्या गाठींचा धोका पुष्कळ कमी होतो. नराची नसबंदी केली तर त्याचेही भटकणे कमी होते.

गोचिडांविषयी ताईंची काळजी योग्य आहे. तपकिरी गोचीड कुत्र्याच्या रक्तात एर्लिकिया नावाचा जंतू सोडते. ताप येतो, खाणे सुटते, हिरड्या पांढुरक्या पडतात, कधी नाकातून रक्त येते. वेळेत आणले तर गोळ्यांनी बरे होते. रोज संध्याकाळी कानाच्या आतली घडी, बोटांमधल्या सांदी आणि शेपटीचे मूळ एवढ्या तीन जागा बोटाने चाचपल्या तरी बहुतेक गोचीड सापडते. आखूड केसांच्या कुत्र्याला त्यासाठी फार वेळ लागत नाही. पण ही गोचीड भिंतीच्या भेगांत अंडी घालते, त्यामुळे गोठ्याच्या भेगा लिंपल्याशिवाय ती हटणार नाही. गाई-बैलांवर फवारतो तेच औषध त्याच प्रमाणात कुत्र्यावर मारू नका, कारण कुत्रा अंग चाटतो. जनावरांचे आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शनही मनाने टोचू नका. कोलीसारख्या कुत्र्यांच्या काही जातींना ते जीवघेणे ठरते. फवारणीचे द्रावण कालवलेला ड्रम आणि उंदराचे औषध कुत्र्याच्या तोंडापासून दूर ठेवा.

लसींचे वेळापत्रक गावठी आणि जातिवंत दोघांना एकच आहे. सहा ते आठ आठवड्यांचे असताना पार्व्हो आणि डिस्टेंपर या विषाणूजन्य रोगांवरची पहिली लस, त्यानंतर तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवडे होईपर्यंत पुढच्या मात्रा, तीन महिन्यांनंतर रेबीजची, आणि मग दरवर्षी. गावठी पिल्ले चिवट असतात म्हणून लस लागत नाही असे मानणाऱ्यांची पिल्ले पार्व्होने रक्ताची हगवण लागून दोन दिवसांत दगावलेली मी पाहिली आहेत. जंगलालगतच्या गावांत डिस्टेंपरच्या लसीला आणखी महत्त्व आहे, कारण तो विषाणू कुत्र्यांकडून वन्य प्राण्यांकडे जाऊ शकतो. २०१८ मध्ये गीरमधील सिंहांच्या मृत्यूंमध्ये तोच आढळला होता. आणि कुत्रा घरचा असो वा बाहेरचा, चावला किंवा ओरखडला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जायचे, हे मुलीला आतापासून शिकवून ठेवा.

झाडीपट्टी (गडचिरोली)

खाण्याचे कुणी लिहिले नाही म्हणून लिहितो. नुसती भाकर आणि ताक यांवर कुत्रा जगतो, पण वाढत्या पिल्लाला ते पुरत नाही. आम्ही ज्वारीच्या किंवा तांदळाच्या जाड कण्यांत कोंबडीचे काळीज, मान, पाय शिजवून घालतो आणि आठवड्यातून काही वेळा अंडे देतो. शिजवलेली हाडे देऊ नयेत, ती फुटून आतड्यात रुततात. कांद्याचे कालवण उरले तर तेही कुत्र्याला घालू नये.

संत्राबाग (वरुड)

मंडळी, निर्णय झाला आहे. गावात वडिलांच्या एका स्नेह्यांच्या घरी कुत्री व्यालेली आहे आणि पिल्लांचे डोळे नुकतेच उघडले आहेत. ती कुत्री मी पाहिली. अनोळखी माणूस आला की उठून उभी राहते, भुंकते, पण मालकाने शब्द टाकला की बसते. त्यातलीच एक मादी घेणार आहोत. तोपर्यंत नाल्याची बाजू बंद करून घेतो, गोठ्याच्या भिंती लिंपून घेतो आणि रात्रीसाठी गोठ्याच्या आतल्या कोपऱ्यात जाळीचे दार बसवतो. मेहुण्यांना वकीलसाहेबांचा प्रतिसाद वाचायला दिला आहे. त्यांनी अजून होकार दिलेला नाही. मुलीने आपला हट्ट एका अटीवर सोडला आहे, ती म्हणजे पिल्लू पांढरे असावे.

डॉक्टरसाहेब, पाच-सहा पिल्लांतून एक निवडताना नेमके काय पाहावे?

पशुवैद्यक_वर्धा

आईचा स्वभाव पाहिलात हे उत्तम केले. पिल्ले सहा-सात आठवड्यांची झाली की दोन-तीनदा वेगवेगळ्या वेळी जाऊन बसा, एकाच भेटीत ठरवू नका. किल्ल्यांचा जुडगा त्यांच्यापासून थोड्या अंतरावर जमिनीवर टाका. जे पिल्लू दचकते पण थोड्याच वेळात हुंगायला पुढे येते, ते घ्या. कोपऱ्यात जाऊन बाहेरच न येणारे पिल्लू पुढे भीतीपोटी चावण्याची शक्यता असते, आणि भावंडांना सतत दाबणारे पिल्लू लहान मुलीच्या घरी नको. हिरड्या गुलाबी असाव्यात, डोळे स्वच्छ असावेत. पोट नगाऱ्यासारखे टम्म असेल तर जंत आहेत असे समजा. जंताचे औषध दोन आठवड्यांचे असल्यापासून दर पंधरा दिवसांनी देतात, तेव्हा त्या स्नेह्यांना आत्ताच सांगून ठेवा आणि आईलाही द्या. रंग शेवटी पाहा. दोन पिल्ले सारखीच चांगली वाटली, तर त्यातले पांढरे मुलीला द्यायला हरकत नाही. फक्त नाकाचा शेंडा आणि कानाची टोके गुलाबी असतील तर उन्हाळ्यात दुपारी तिला बाहेर ठेवू नका, कारण तिथली कातडी उन्हाने लवकर भाजते.